मोठी गाडी शिकताना: पहिला प्रयत्न हाच खरा

गेल्या महिन्यात एका ज्युनिअरचा मेसेज आला. "ताई, एरिअर्स जमा झालेत. सात महिन्यांची फेलोशिप एकदम! मोठी गाडी घेऊ का? आजवर फक्त स्कूटर चालवलीय."

एकगठ्ठा फेलोशिप जमा होते त्या दिवशी आपण सगळेच थोडे हवेत असतो. मीही होते. दोन वर्षांपूर्वी असेच पैसे आले आणि मी सेकंडहँड मोटरसायकल घेतली. ३७३ सीसी, साधारण ३५ हॉर्सपॉवर, वजन १८२ किलो. त्याआधी सात वर्षं ११० सीसीची स्कूटर. लायसन्स मात्र गिअरच्या गाडीचं होतं. अठराव्या वर्षी मामाची १०० सीसीची गाडी मागून नेली, आठचा आकडा काढला आणि पास झाले. आपल्याकडे गिअरच्या मोटरसायकलचं लायसन्स एकदा मिळालं की १०० सीसीलाही तेच आणि १००० सीसीलाही तेच.

एकोणिसाव्या दिवशी मी पडले. कॉलर बोन मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात. त्या काळात बसून जे वाचलं, आणि नंतर पुन्हा शिकताना जे केलं, ते या लेखात सांगते. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर गाडी घ्या किंवा नका घेऊ, यातलं बरंचसं तुमच्या कामाचं आहे. मी भौतिकशास्त्रात पीएचडी करते. ब्रेकिंगची समीकरणं मला पडण्याच्या आदल्या दिवशीही येत होती. ती माझ्या हाताला येत नव्हती, एवढंच.

ट्रॉलीसमोरचे दोन सेकंद

डिसेंबर महिना, कोल्हापूर परिसर, म्हणजे उसाचा हंगाम. पन्हाळ्याच्या बाजूला निघाले होते, वेग साठच्या आसपास. समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर येत होता. इंडिकेटर नाही, हात दाखवणं नाही, आणि तो अचानक माझ्यासमोरून त्याच्या उजवीकडे शेताच्या रस्त्याला वळायला लागला. मागे दोन ट्रॉल्या. अख्खा रस्ता बंद.

आता माझ्या हातापायांनी काय केलं ते बघा. डाव्या हातानं लिव्हर जीव खाऊन दाबली. स्कूटरवर डावी लिव्हर म्हणजे मागचा ब्रेक. मोटरसायकलवर डावी लिव्हर म्हणजे क्लच! इंजिन चाकापासून सुटलं आणि गाडी मोकळी धावायला लागली. मग उजवा पाय मागच्या ब्रेकवर उभाच राहिला. माझ्या गाडीला एबीएस नव्हतं, म्हणून स्वस्त मिळाली होती. मागचं चाक लॉक झालं, घसरत एका बाजूला आलं आणि मी आडवी. ट्रॉलीच्या चाकापाशी पोचायच्या आत घासत थांबले, हे नशीब.

उजव्या हातानं काय केलं? जवळजवळ काहीच नाही. पुढचा ब्रेक दाबायचा नाही, नाहीतर कोलांटी खाशील, हे बाबांनी मला स्कूटर शिकवतानाच बजावलं होतं. तुमच्याही घरी कुणीतरी बजावलं असेलच.

माझ्या जन्माच्या आधी लिहिलेली माझी चूक

हात गळ्यात असताना मला हर्ट रिपोर्ट सापडला. हॅरी हर्ट हे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले संशोधक. त्यांच्या चमूनं लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा प्रत्यक्ष जागेवर जाऊन अभ्यास केला, शिवाय पोलिसांकडचे ३६०० अपघात अहवाल तपासले. अंतिम अहवाल १९८१ चा.

त्यातले काही निष्कर्ष वाचताना मला घाम फुटला. अपघातातले ९२ टक्के चालक स्वतःच शिकलेले किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. धोका दिसल्यापासून धडकेपर्यंत सर्वसाधारणपणे दोन सेकंदांपेक्षाही कमी वेळ मिळालेला. त्या वेळात बहुतेकांनी मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरवलं आणि पुढचा ब्रेक फार कमी वापरला. हँडलनं गाडी बाजूला काढण्याचं कौशल्य जवळपास कुणाकडेच नव्हतं. ज्यात दुसरं वाहन होतं, अशा अपघातांपैकी दोन तृतीयांश अपघातांत चूक त्या दुसऱ्या वाहनाची होती, त्यानं मोटरसायकलचा रस्त्यावरचा हक्क मोडला होता. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात म्हणून डावीकडे वळणारी कार घातक ठरते. आपल्याकडे उजवीकडे वळणारा ट्रॅक्टर.

आणि शेवटचा निष्कर्ष: अपघातग्रस्तांपैकी निम्म्याहून जास्त जणांना त्या विशिष्ट गाडीचा पाच महिन्यांपेक्षा कमी अनुभव होता, जरी रस्त्यावर गाडी चालवण्याचा त्यांचा एकूण अनुभव सरासरी तीन वर्षांच्या जवळपास होता.

इथं जरा थांबू. "निम्म्याहून जास्त अपघात नव्या गाडीवर, म्हणजे नवी गाडी धोक्याची", असं तुम्ही लगेच म्हणाल. पण त्या शहरात रस्त्यावरच्या निम्म्याहून जास्त गाड्या मुळातच पाच महिन्यांच्या आतल्या असतील तर? मग त्या आकड्यातून काहीच सिद्ध होत नाही. छेद माहीत नसताना नुसता अंश बघून निष्कर्ष काढायचा नाही. हर्ट यांच्या चमूला हे ठाऊक होतं. म्हणून ते अपघाताच्या जागांवर, तशाच वेळी आणि तशाच हवामानात परत गेले, आणि तिथून सुखरूप जाणाऱ्या मोटरसायकलवाल्यांचीही माहिती गोळा केली. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'कंट्रोल' हा शब्द नुसता भरीला घालू नका. तो असा, उन्हात उभं राहून मिळवायचा असतो.

अर्थात अभ्यास जुना आहे, शहर परकं आहे, तेव्हाच्या गाड्यांचे ब्रेकही वेगळे होते. ते टक्के जसेच्या तसे कोल्हापूरला लावता येणार नाहीत. पण माणसाचे हातपाय घाबरल्यावर काय करतात, ते फारसं बदललेलं दिसत नाही.

ताकद म्हणजे नेमकं काय?

लोक म्हणतात, "मोठी गाडी काय, हळू चालवली की झालं." हे अर्धसत्य आहे. साधा हिशोब करू. स्कूटर सुमारे १०८ किलो, त्यावर ५८ किलोची मी, ताकद साधारण ८ हॉर्सपॉवर. म्हणजे दर १०० किलोमागे ४.८ हॉर्सपॉवर. मोटरसायकलवर मी बसले की एकूण २४० किलो आणि ३५ हॉर्सपॉवर, म्हणजे दर १०० किलोमागे १४.६. तिप्पट!

या तिप्पट आकड्यामुळे सर्वोच्च वेग वाढतो, पण नवशिक्याला त्याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला फरक जाणवतो तो चुकीच्या किमतीत. स्कूटरवर मूठ थोडी जास्त पिळली तर गाडी जरा पुढे सरकते. मोठ्या गाडीवर पहिल्या गिअरमध्ये तेवढीच मूठ पिळली की गाडी उडी मारते. गाडी पुढे गेली की शरीर मागे फेकलं जातं, शरीर मागे गेलं की मनगट आणखी खाली वळतं, आणि रेस आणखी वाढते. चूक स्वतःलाच खतपाणी घालते. याला आपण 'पॉझिटिव्ह फीडबॅक' म्हणतो, आणि प्रयोगशाळेत असं काही दिसलं की आधी स्विच बंद करतो. गाडीवरचा तो स्विच म्हणजे क्लच. म्हणून पहिल्या दिवसापासून डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर, आणि उजवं मनगट मुठीच्या पातळीपेक्षा खाली, म्हणजे पिळायला फारशी जागाच उरत नाही.

युरोपातल्या लायसन्सच्या पायऱ्या याच तर्कावर उभ्या आहेत. तिथं ए-वन लायसन्सवर १२५ सीसी आणि ११ किलोवॉटपर्यंतची गाडी चालवता येते. पुढच्या ए-टू पायरीवर ३५ किलोवॉटची मर्यादा, आणि शिवाय दर किलो वजनामागे ०.२ किलोवॉटपेक्षा जास्त ताकद चालत नाही. सगळ्या गाड्यांना मोकळीक देणारं लायसन्स ए-टूवर दोन वर्षं काढल्यावर. तिथं नुसते सीसी मोजत नाहीत, ताकद आणि वजन यांचं गुणोत्तरही बघतात. आपल्याकडे कायद्यानं अशा पायऱ्या नाहीत, म्हणून त्या आपणच आपल्याला घालून घ्यायच्या.

ब्रेकचं गणित, आणि बाबांचा सल्ला

ब्रेक लावला की वजन पुढे सरकतं. बसमध्ये उभं राहून तुम्ही हे रोज अनुभवता. गाडी आणि चालक मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटीमीटरवर, आणि दोन चाकांमधलं अंतर १४० सेंटीमीटर धरू. उभ्या गाडीत वजन दोन्ही चाकांवर निम्मं निम्मं. आता गुरुत्वत्वरणाच्या ०.७ पट इतक्या जोरानं ब्रेक लावला तर ०.७ गुणिले ६० भागिले १४०, म्हणजे एकूण वजनाच्या ३० टक्के भार मागून पुढे जातो. पुढच्या चाकावर ८० टक्के, मागच्यावर २०. टायरची पकड त्याच्यावरच्या भारावर अवलंबून असते. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी जवळजवळ सगळी पकड पुढच्या चाकाकडे असते आणि आपण पाय देऊन उभे असतो मागच्यावर.

फक्त मागचा ब्रेक वापरला, तर कोरड्या डांबरावर साधारण ०.३ पटीच्या पुढे जाता येत नाही, कारण ब्रेक लागला की मागचं चाक हलकं होतं आणि हलकं झालं की लॉक होतं. आता ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबायचं अंतर काढा:

दोन्ही ब्रेक नीट वापरून (०.७ पट): सुमारे २० मीटर.
फक्त मागचा ब्रेक (०.३ पट): सुमारे ४७ मीटर.

त्याआधी धोका दिसून हात हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर आणखी १७ मीटर. म्हणजे ३७ विरुद्ध ६४. माझ्यात आणि ट्रॉलीत किती अंतर होतं ते मी मोजलेलं नाही, पण ते या दोन आकड्यांच्या मधलंच कुठलंतरी असावं. थोडक्यात, ती जागा थांबता येण्याजोगी होती. हे कळलं त्या रात्री झोप लागली नाही.

मग बाबा चुकीचं सांगत होते का? पूर्ण नाही. खडी, वाळू, चिखल असेल किंवा हँडल वळलेलं असेल, तर पुढचा ब्रेक झटक्यात दाबल्यावर पुढचं चाक सुटतं आणि मग सावरायला काही उरत नाही. त्यांचा सल्ला त्यांच्या रस्त्यांवर खरा होता. तो सगळ्याच रस्त्यांना लावला, ही चूक. सरळ गाडी, कोरडं डांबर असेल तेव्हा पुढचा ब्रेक हाच मुख्य ब्रेक. पण तो झटक्यात दाबायचा नाही. लिंबू पिळतो तसा: आधी हलका दाब, वजन पुढे येऊ द्यायचं, मग वाढवत न्यायचं.

सेकंडहँड गाडी घेत असाल तर एक गोष्ट बघा. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. त्याआधीच्या गाड्यांत ते असेलच असं नाही. शिवाय 'सिंगल चॅनल' एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं चाक त्यातही लॉक होतं. मी वाचवलेले पैसे हाडाच्या डॉक्टरांकडे गेले, वर थोडे अजून.

वळताना तुमचे हात काय करतात?

आता एक प्रश्न. सायकल चालवताना डावीकडे वळायचं असेल तर तुम्ही हँडल कुठे वळवता?

"डावीकडे" म्हणालात ना? विमानवाले विल्बर राइट मुळात सायकलवाले. त्यांनी हाच प्रश्न कितीतरी सायकलस्वारांना विचारला होता आणि एकालाही पहिल्या फटक्यात पूर्ण बरोबर उत्तर देता आलं नव्हतं. खरं असं की, डावीकडे वळण्यासाठी हँडल आधी क्षणभर, अगदी किंचित उजवीकडे जातं. चाकं उजवीकडे सरकतात, वरचं वजन डावीकडे कलतं, आणि मग त्या कलण्याच्या जोरावर गाडी डावीकडे वळते. आपण सगळे हे लहानपणापासून करतो आणि आपल्याला ते माहीत नसतं.

माणसांना "तुम्ही हे कसं करता?" असं विचारून मिळालेलं उत्तर आणि ते प्रत्यक्षात जे करतात ते, यात केवढी दरी असते बघा. प्रश्नावलीवर आधारित संशोधन करणाऱ्यांनी हे वाक्य टेबलासमोर चिकटवावं.

स्कूटरवर ही गोष्ट नकळत करून भागतं. जड गाडी वेगात असताना भागत नाही. डावीकडे पटकन निघायचं तर डाव्या हातानं हँडलची डावी बाजू पुढे ढकलायची. ऐकायला उलटं वाटतं, म्हणून घाबरलेला मेंदू ते आयत्या वेळी शोधून काढत नाही. हर्ट यांच्या अहवालात जे कौशल्य 'जवळपास कुणाकडेच नव्हतं' ते हेच.

घाटातल्या वळणाचा हिशोबही करून ठेवा. २० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ४० नं घ्यायला गाडी सुमारे ३२ अंश कलवावी लागते. तेच ताशी ५० नं घ्यायला ४५ अंश. वेग फक्त दहानं वाढला, कारण सूत्रात वेगाचा वर्ग येतो. नवशिक्याला तिशीच्या पुढचा कल भीतीदायक वाटतो, म्हणून तो वळणाच्या मध्यातच ब्रेक दाबतो. टायरकडे पकड ठरावीकच असते. ती वळण्यात खर्च झाली असेल तर ब्रेकसाठी उरत नाही. आंबा घाट उतरायचा असेल तर वेग वळणाच्या आधी कमी करा, आणि नजर कठड्यावर नको, वळणाच्या शेवटावर ठेवा. जिथं टक लावून बघाल तिथंच गाडी जाते, हे अनुभवी लोक उगाच सांगत नाहीत.

सराव: चांगला दिवस मोजू नका

हात बरा झाल्यावर गावाबाहेर नव्या प्लॉटिंगमधले रिकामे डांबरी रस्ते शोधले. सकाळी सहा वाजता, आठवड्यातून चार दिवस, रोज वीस-पंचवीस मिनिटं. सोबत लॅबमधली मैत्रीण, खडू आणि मोजायची टेप. आई दारात उभी राहून म्हणायची, "परत त्याच गाडीवर?" तिला सांगायचे, परत पहिल्यापासून.

सुरुवातीला ब्रेकचा सराव मी असा करायचे: ताशी ४० वरून थांबायचं, लागोपाठ पंधरा वेळा. पहिला प्रयत्न १५ मीटर, पंधरावा साडेअकरा. खूश होऊन घरी. दुसऱ्या दिवशी पहिला प्रयत्न पुन्हा साडेचौदा!

इथं मला शिया आणि मॉर्गन यांचा १९७९ चा प्रयोग आठवला. हाताच्या हालचालींचे तीन प्रकार दोन गटांना शिकवले. एका गटाला एक प्रकार पूर्ण घोटून मग दुसरा, दुसऱ्या गटाला तिन्ही प्रकार मिसळून. सराव चालू असताना घोटणारा गट पुढे होता. पण नंतर आठवण तपासली तेव्हा मिसळून शिकलेला गट पुढे निघाला. म्हणजे सरावाच्या वेळी दिसणारी प्रगती आणि टिकणारं शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रयोगशाळेतली ती हालचाल आणि २४० किलोची गाडी यात फरक आहेच, पण मी सराव बदलून बघितला. एक ब्रेक, मग एक संथ आठचा आकडा, मग हँडल ढकलून विटेला वळसा, मग पुन्हा ब्रेक. कधी मैत्रीण अचानक हात वर करायची आणि त्या क्षणी थांबायचं. फार गबाळा सराव वाटायचा.

आणि वहीत नोंद करायचा आकडाही बदलला. रोजचा सर्वोत्तम आकडा लिहिणं बंद केलं. फक्त त्या दिवसाचा पहिला प्रयत्न लिहायचा, थंड हातांनी केलेला. कारण रस्त्यावर ट्रॉली समोर आली की पंधरावा प्रयत्न मिळत नाही. पहिलाच मिळतो. पाच आठवड्यांनी माझा पहिला प्रयत्न ११ मीटरच्या आसपास स्थिर झाला, आणि डावा हात घाबरल्यावर एकटा धावायचा थांबला. त्यानंतरच मी हायवेला लागले.

हे काही संशोधन म्हणून छापण्यासारखं नाही. एकच व्यक्ती, ती स्वतःच निरीक्षक, सराव बदलला त्याच काळात हातही बरा होत होता. पण कुठला आकडा मोजायचा, हा प्रश्न मला गाडीनं शिकवला. लॅबमध्येही आता मी सर्वात सुंदर नमुन्याचा आलेख दाखवत नाही. ठरलेल्या कृतीनं पहिल्यांदा केल्यावर जो नमुना मिळतो, तो दाखवते. गाइड सरांनी पहिल्यांदा भुवया उंचावल्या होत्या, आता तेही तोच मागतात.

पुरावा कुठे भक्कम, कुठे कच्चा

क्लास लावून शिकलं की अपघात कमी होतात का? कॉक्रेन या संस्थेच्या २०१० च्या आढाव्यात यावरचे २३ अभ्यास तपासले गेले, आणि त्यांचा दर्जा इतका कमी-जास्त होता की ठाम निष्कर्षच काढता आला नाही. याचा अर्थ 'प्रशिक्षण निरुपयोगी' असा घेऊ नका. 'आहे त्या पुराव्यावरून सांगता येत नाही' आणि 'फायदा नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. व्हायवाला ती वेगळी ठेवता आली तर निम्मी लढाई जिंकलात.

उलट हेल्मेटचा पुरावा पक्का आहे. त्याच संस्थेच्या २००८ च्या आढाव्यात ६१ अभ्यास होते. अपघात झालाच तर हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. माझ्या हेल्मेटच्या डाव्या बाजूला घासल्याची रुंद खूण आहे. ते हेल्मेट आता वापरत नाही, लॅबमधल्या कपाटावर ठेवलंय. एकदा आदळलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं.

तर, त्या ज्युनिअरला मी काय उत्तर दिलं? "घे. पण एबीएसवाली घे, आणि हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हजचे पैसे आधी बाजूला काढ, उरलेल्यात गाडी बघ. पहिले पाच महिने स्वतःला नवशिकी समज, स्कूटरवर सात वर्षं काढली असलीस तरी. मागे कुणाला बसवू नकोस. वही ठेव. रोजचा पहिला प्रयत्न लिही."

तिचा रिप्लाय आला: "ताई, वही कशाला? ॲपमध्ये लिहिलं तर चालेल का?"

चालेल. फक्त मधले वाईट आकडे डिलीट करायचे नाहीत.